चहाच्या ब्रेकसाठी आडवळणी कोडी: तुमच्याकडची टाका

आळशी_बोका
मंडळी, मदत पाहिजे. चार वाजता आम्ही ऑफिसातले सात-आठ जण टपरीवर चहाला जातो, जेमतेम पंधरा मिनिटं मिळतात आणि त्यात सगळे मोबाईलमध्ये मुंडी घालून उभे. परवा कंटाळून मी एक कोडं टाकलं तर चक्क सगळ्यांचे फोन खिशात गेले. आता रोज मागणी येतेय आणि माझा स्टॉक संपला.

हवीत ती हो-नाही वाली. एकाने विचित्र प्रसंग सांगायचा, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे, सांगणाऱ्याने हो, नाही किंवा संबंध नाही एवढंच बोलायचं. कागद-पेन लागायला नको, एका हातात कटिंग असतं. लिफ्टमधला बुटका, तीन बटणं एक बल्ब आणि वाघ-शेळी-गवताचा भारा हे तिन्ही बाद, ते सगळ्यांना पाठ आहेत. गूगल करून उत्तर टाकणाऱ्याला पाप लागेल.

सुरुवात मीच करतो. हार्डवेअरच्या दुकानात गिऱ्हाईक विचारतं, "एक केवढ्याला?" "चाळीस रुपये." "बारा घेतले तर?" "ऐंशी." "मग एकशेबारा द्या." दुकानदार म्हणतो, "एकशेवीस झाले." काय घेतलं?

पेठेतला
होलसेलचं दुकान आहे. पत्ता द्या, मी हजार घेतो.

मंजू_नाशिक
खिळे?

आळशी_बोका
नाही.

मंजू_नाशिक
वस्तू मोजता येते का?

आळशी_बोका
हो, पण तुम्ही समजताय तेवढे नग नाहीत त्यात.

खडूस_काका
दाराला लावायचे पितळी आकडे. एका आकड्याचे चाळीस. पुढचं आणा. आणि धागाकर्त्याने दुसऱ्याच प्रश्नाला हो-नाहीच्या पुढे बडबड करून स्वतःचाच नियम मोडला याची नोंद घ्यावी.

आळशी_बोका
काका, तुम्ही कृपया आमच्या चहाला येऊ नका.

लोकलकर
माझं घ्या. मुंबईकरांनी तोंडावर बोट ठेवा, फार तर मला वेगळा निरोप करा.

एक बाई आहे. ऑफिस सुटलं की तिला कधी एकदा घरी पोचते असं होतं. पण रोज ती आधी घराच्या बरोब्बर उलट दिशेला जाते, शेवटच्या टोकापर्यंत जाते, तिथे जमिनीवर पायसुद्धा ठेवत नाही आणि मग घरी येते. का?

पेठेतला
माहेर आहे का त्या बाजूला?

लोकलकर
नाही.

वऱ्हाडी_ठेचा
कोणाले भेटते का तिकडं? डबा द्यायचा असंल, पोराले घ्यायचं असंल?

लोकलकर
नाही, नाही, नाही.

मंजू_नाशिक
घराकडे जायला दुसरा रस्ता नाही म्हणून?

लोकलकर
नाही. रस्ता आहे, सरळ आहे, तिच्या ऑफिसच्या जवळून जातो.

खडूस_काका
परत बडबड.

पेठेतला
बाईला दिशाभ्रम आहे. डॉक्टरला दाखवा.

बे_एरियातला
थांबा, मला कळलं!! तिकडे जाऊन गाडी बदलते का ती?

लोकलकर
नाही. (तुम्हाला खरंच कळलंय.)

बे_एरियातला
ऑफिस मस्जिद नाहीतर भायखळ्याला आणि घर डोंबिवलीला. संध्याकाळी सहाला तिथून कल्याण गाडीत चढायचं म्हणजे दारात लोंबकळायचं. म्हणून आधी सीएसएमटीकडे जाणारी लोकल पकडायची, ती तिथे रिकामी झाली की खिडकी धरून बसायचं आणि तीच गाडी उलटी निघाली की आरामात घरी. आई कित्येक वर्षं हेच करायची. आता इथे गाडीत एकटा बसून ऑफिसला जातो, कोणी जागेवरून भांडतसुद्धा नाही, मजा गेली.

लोकलकर
बरोब्बर! सकाळी डोंबिवलीवरून आधी कल्याणला जाणारे पण असतात. कल्याणवाले त्यांच्याकडे कसं बघतात तो वेगळा धागा होईल.

पेठेतला
ही चीटिंग आहे. ज्याने लोकल पाहिली त्याला हे कोडं नाही आणि ज्याने नाही पाहिली त्याला ते सात जन्मात सुटणार नाही.

गणिती_भूत
पेठेतला यांच्याशी सहमत, आणि हे फक्त लोकलच्या कोड्याचं नाही. हो-नाही वाली बहुतेक कोडी म्हणजे सांगणाऱ्याच्या मनातलं ओळखा स्पर्धा आहे. तुम्ही दहा उत्तरं द्या, दहाही प्रसंगाला बसतात, तरी तो आपला नाही नाही करतो कारण त्याच्या डोक्यात अकरावं आहे. कोडं असं हवं की उत्तर मिळालं की सांगणाऱ्याला विचारायची गरजच उरू नये.

नमुना देतो. बुद्धिबळाचा पट घ्या, चौसष्ट घरं. तिरक्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतली दोन घरं कापून टाका, उरली बासष्ट. डोमिनोची एक सोंगटी शेजारशेजारची दोन घरं झाकते. एकतीस सोंगट्यांनी हा कापलेला पट पूर्ण झाकता येईल का? मांडून बघत बसलात तर रिटायर व्हाल. पण एक गोष्ट दिसली की उत्तर एका वाक्यात येतं.

खडूस_काका
नाही येणार. तिरक्या समोरच्या कोपऱ्यांतली घरं एकाच रंगाची असतात, म्हणजे एका रंगाची तीस उरली आणि दुसऱ्याची बत्तीस. सोंगटी कुठेही ठेवा, एक काळं आणि एक पांढरं खाणार. संपलं.

गणिती_भूत
काका _/\_

आळशी_बोका
कोडं झकास आहे पण टपरीवर पट कुठून आणू, आणि आमच्यातल्या निम्म्यांना हत्ती कसा चालतो तेसुद्धा विचारावं लागतं.

सुलभाताई
भूत, तुमचं म्हणणं पटतंय आणि नाहीही. आमच्या लहानपणी रात्री अंगणात झोपायचो तेव्हा आजी कोडी घालायची. "सुपभर लाह्या, त्यात एक रुपया" याला तुमच्या हिशोबाने पन्नास उत्तरं निघतील. पण तारे आणि चंद्र म्हटलं की पुन्हा कोणी वाद घालत नाही. "बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे" म्हटलं की जीभ आपोआप दातांवरून फिरते. "कोकणातून आला भट, धर की आपट" म्हणजे नारळ. हे कोणाला सिद्ध करून दाखवावं लागत नाही, ऐकणाऱ्याला आतूनच बसल्यासारखं होतं.

आणि प्रसंगाची कोडीही घरचीच आहेत. हे बघा. घरी पाहुणा आला आणि त्याने घाईघाईने पाणी मागितलं. आजीने पाणी दिलं नाही, उलट चारचौघांत म्हणाली, "कपाटातले पैसे तूच चोरलेस ना?" पाहुणा आधी गडबडला, मग हसला आणि म्हणाला, "आता नको पाणी." सांगा.

वऱ्हाडी_ठेचा
उचकी!!! आमच्या घरी तूप चोरल्याचा आळ यायचा. मी खरंच चोरून खाल्लेलं असायचं त्यामुळं उचकी थांबायच्या ऐवजी वाढायची.

पेठेतला
हसून हसून पुरेवाट

मंजू_नाशिक
सुलभाताई, इंग्रजी कोड्यात पाणी मागणाऱ्यावर बारवाला बंदूक काढतो तेच ना हे? पण आजीचा आळ बंदुकीपेक्षा भारी आहे. आपल्याकडे चहा देणारा बंदूक काढायला लागला तर उचकी राहू द्या, उधारीचाच विचार आधी येईल.

गणिती_भूत
ताई, हे मान्य. इथे पाणी का मागितलं, आळ का घेतला आणि हसला का, तिन्ही एकाच उत्तरात सुटतात. म्हणजे निकष असा धरू: प्रसंगातल्या जेवढ्या विचित्र गोष्टी तेवढ्या सगळ्या एका उत्तराने सरळ झाल्या तर कोडं प्रामाणिक. एक जरी लोंबत राहिली तर सांगणारा लबाड.

बे_एरियातला
जाता जाता, लॅटरल थिंकिंग हे नाव एडवर्ड डी बोनो यांनी १९६७ साली आणलं. माणूस माल्टाचा, शिक्षणाने डॉक्टर. त्यांचा रोख कोड्यांपेक्षा विचार करायच्या सवयीवर होता. त्यांचं म्हणणं साधारण असं की पाणी लागत नसताना तोच खड्डा आणखी खोल करत बसण्यापेक्षा जरा बाजूला जाऊन खणा. जपानमध्ये आपल्या हो-नाही कोड्यांना समुद्री कासवाचं सूप म्हणतात, त्याच नावाचं एक कोडं तिकडे फार गाजलं म्हणून.

वऱ्हाडी_ठेचा
बाजूला खणा सांगणारा माणूस आमच्या गावात एक पानाड्या पण आहे. तो दर वेळी बाजूलाच खणायला लावते, आणि बोअर दर वेळी कोरडीच जाते.

सुलभाताई
नऊ ठिपक्यांचं कोडं त्यातलंच ना? तीन ओळीत तीन-तीन ठिपके, हात न उचलता चार सरळ रेघांत सगळे जोडायचे. सून म्हणाली की हे कोडं फार जुनं आहे, सॅम लॉइडच्या १९१४ च्या संग्रहातही आहे. रेघ ठिपक्यांच्या चौकोनाबाहेर नेली की सुटतं. पण ज्यांनी ठिपक्यांची रांगोळी काढली त्यांना हे जास्त जड जातं असा माझा अनुभव. ठिपक्याच्या बाहेर रेघ गेली की आई चापट मारायची.

खडूस_काका
तीन रेघांतही होतं. ठिपका म्हणजे भूमितीतला बिंदू नव्हे, त्याला जाडी आहे. लांबलचक, किंचित तिरप्या रेघा मारल्या की वरच्या ठिपक्याची एक कड, मधल्याचा मध्य आणि खालच्याची दुसरी कड. कागद मोठा लागेल.

पेठेतला
आणि जाड ब्रश घेतला तर एका फटक्यात. रंगाऱ्याला विचारा.

आळशी_बोका
धागा कुठे चाललाय! मला टपरीवरचं हवंय हो. आज दुपारी लोकलचं कोडं टाकलं, दोन मुंबईकरांना आधीच बाजूला घेऊन दम दिला होता. त्यातला एक इतका हसत होता की पेपर फुटला.

अर्धवट
चहावरून आठवलं. चहा आणि क्रीमरोल मिळून बावीस रुपये. चहा क्रीमरोलपेक्षा वीस रुपयांनी महाग. क्रीमरोल केवढ्याला? तीन सेकंदात सांगायचं.

पेठेतला
दोन रुपये. हे काय कोडं आहे?

मंजू_नाशिक
दोनचा क्रीमरोल तर चहा बावीसचा, बेरीज चोवीस. जोशात टाइप केलंत का?

पेठेतला
मी टपरीवाल्याकडे सुट्टे नसतात हे धरून सांगितलं.

खडूस_काका
क्रीमरोल एक, चहा एकवीस. आणि एक रुपयात क्रीमरोल मिळणाऱ्या टपरीचा पत्ताही द्या. शेन फ्रेडरिक या अमेरिकन प्राध्यापकाने बॅट आणि बॉल घेऊन हेच गणित कॉलेजातल्या पोरांना घातलं होतं, २००५ मध्ये त्यावर निबंध छापला, भले भले आपटले. पेठेतल्यांनी एकटं वाटून घेऊ नये.

अर्धवट
हे आडवळणी नाही खरं तर. इथे कोडं लबाड नाही, आपण आळशी आहोत.

आळशी_बोका
माझं नाव कशाला काढताय.

मंजू_नाशिक
कागद लागत नाही असा एक खेळ आमच्या देवळालीच्या कापरेकर सरांचा. दत्तात्रय कापरेकर, शाळामास्तर होते, १९४९ साली त्यांना ६१७४ हा आकडा सापडला. टपरीसमोरच्या कुठल्याही गाडीचा नंबर घ्या, समजा ४२०७. आकडे उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, मोठ्यातून छोटा वजा करा. ७४२० वजा ०२४७ म्हणजे ७१७३. त्याचं पुन्हा तेच केलं की ६३५४, मग ३०८७, मग ८३५२ आणि मग ६१७४. इथून पुढे कितीही करा, ६१७४च येतं. कुठल्याही नंबरला जास्तीत जास्त सात वेळा करावं लागतं. अट एकच, चारही आकडे सारखे नकोत. ज्यांनी जास्तीचे पैसे भरून ७७७७ घेतलाय त्यांना आपण खेळात घेत नाही.

गणिती_भूत
वा! कोडं नाहीये हे, पण ब्रेकसाठी एक नंबर. दोघांनी दोन गाड्या घ्यायच्या, ज्याची आधी ६१७४ ला पोचेल त्याचा चहा दुसऱ्याने द्यायचा.

लोकलकर
तोंडी वजाबाकी करून चहा मिळवायचा असेल तर मी पाणी पितो.

अर्धवट
मग इतिहासातलं घ्या. मुंबई राज्याचे एक मुख्यमंत्री, पुढे देशाचे पंतप्रधान झाले. नव्व्याण्णव वर्षं जगले. त्यांचा पहिला वाढदिवस आला तेव्हा ते चार नाही, चांगले आठ वर्षांचे झाले होते. का?

मंजू_नाशिक
मोरारजी देसाई, २९ फेब्रुवारी. पण आठ का? १८९६ चा जन्म ना, मग १९०० ला यायला पाहिजे.

खडूस_काका
१९०० लीप वर्ष नव्हतं. शंभराने भाग जाणाऱ्या वर्षाला चारशेनेही भाग गेला तरच लीप. म्हणून पहिला वाढदिवस थेट १९०४. अख्ख्या आयुष्यात तेवीस.

अर्धवट
काका, तुम्हाला झोप लागते का हो?

मळ्यातला
बराच वेळ वाचत होतो. लोकलचं कोडं मला सुटलं नाही, तेव्हा शहरवाल्यांना आमच्याकडचं एक देतो.

रात्री साडेबाराला दिवा लागला. लावला कोणीच नाही. दिवा दिसताच तो झोपेतून उठला, शिवी घातली, काठी आणि बॅटरी घेतली आणि अंधारात बाहेर गेला. दिवा लागला नसता तर सकाळपर्यंत झोपून राहिला असता. घरी आला तेव्हा उजाडलं होतं. पुढच्या आठवड्यात मात्र तो रात्रभर घरीच झोपला. का?

पेठेतला
चोर शिरला?

मळ्यातला
नाही.

लोकलकर
वॉचमन आहे का तो? शिफ्ट बदलली?

मळ्यातला
नाही, आणि त्याच्या बाबतीत संबंध नाही.

बे_एरियातला
दिवा म्हणजे गाडीचा दिवा? रेल्वेचा सिग्नल?

मळ्यातला
नाही.

अर्धवट
काठी कोणाला मारायला घेतली का?

मळ्यातला
वेळ आली तर हो.

अर्धवट
माणसाला?

मळ्यातला
नाही.

गणिती_भूत
दिवा लागणार हे त्याला आधी माहीत होतं?

मळ्यातला
लागणार हे माहीत होतं. कधी ते नेमकं नाही.

खडूस_काका
भुतं? मी आज बाद.

मंजू_नाशिक
एक मिनिट. दिवा मोटारीच्या पेटीवरचा आहे का?

मळ्यातला
ताई, हो!

मंजू_नाशिक
माहेर निफाडकडचं हो माझं. शेतीपंपाची थ्री फेज लाईट आलटून पालटून असते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. पेटीवरचा दिवा लागला म्हणजे लाईट आली, म्हणजे उठा आणि पाणी धरायला चला. पुढच्या आठवड्यात दिवसाची पाळी आली म्हणून रात्री झोपला. बॅटरी साप-विंचवासाठी. पण काठी?

मळ्यातला
आम्ही जुन्नरच्या बाजूचे. उसात बिबट्या असतो.

लोकलकर
बापरे. आम्ही तिकडे खिडकीच्या सीटवरून भांडतोय.

खडूस_काका
आता मोबाईल स्टार्टर आलेत, फोनवरून मोटार चालू होते. मग उठायचं कशाला?

मळ्यातला
काका, मोटार फोनवर चालू होते, पाण्याची दारं फोनवर मोडत नाहीत. एक सरी भरली की पाणी दुसरीत वळवायला फावडं घेऊन माणूस उभाच लागतो. ठिबक असेल तर गोष्ट वेगळी. ज्याच्याकडे ठिबक आहे तो शिवी न घालता झोपतो.

पेठेतला
मी मघाशी लोकलच्या कोड्याला चीटिंग म्हणालो होतो. हे पण त्याच जातीचं आहे, पण आवडलं राव.

गणिती_भूत
निकषाला उतरलं. दिवा, शिवी, काठी, पुढचा आठवडा, काहीच लोंबत नाही. माझ्या लेखी लोकलवालंही पास.

सुलभाताई
बोक्या, तुझ्या मूळ प्रश्नाचं सांगते. उसनी कोडी आणू नकोस, ती सगळ्यांनी फोनवर वाचलेली असतात. तुमच्या आठ जणांत कोणी कोकणातलं असेल, कोणी मराठवाड्यातलं, कोणाचा बाप एसटीत असेल, कोणाचा बँकेत. घरी रोज घडणारी आणि बाहेरच्याला येडपट वाटेल अशी एक गोष्ट प्रत्येकाने आणायची आणि कारण काढून घेऊन सांगायची. महिनाभराचा स्टॉक होईल.

आळशी_बोका
ताई, हे भारी आहे. आमच्यातल्या एकाचे वडील एसटीत कंडक्टर होते, त्याला उद्याची पाळी देतो. आणि दोन नियम वाढवतोय. ज्याला उत्तर आधीपासून माहीत आहे त्याने चहा आणायला जायचं, म्हणजे त्याचं तोंड दिसणार नाही. आणि पंधरा मिनिटांत नाही सुटलं तर उत्तर उद्या. एकदा सांगून टाकलं तर सगळे "हॅ" म्हणून निघून गेले, काल नाही सांगितलं तर आज लंचच्या डब्यापर्यंत डोकं चालवत होते. एक जण तर म्हणे आंघोळ करताना सुटलं.

वऱ्हाडी_ठेचा
ऑफिसचं काम कधी करता बे तुम्ही?

आळशी_बोका
संबंध नाही.

गणिती_भूत
एवढा विरोध केला, आता माझंही एक हो-नाही वालं घ्या. भर गर्दीच्या चौकात एक ड्रायव्हर एकेरी रस्त्याने उलट्या दिशेने गेला, पुढचा सिग्नल लाल असताना डावीकडे वळला, सीटबेल्ट नाही, हेल्मेट नाही. समोर ट्रॅफिक पोलीस उभा होता, त्याने पाहिलं आणि साधी शिट्टीसुद्धा वाजवली नाही. का?

पेठेतला
कुठल्या शहरात?

गणिती_भूत
पुण्यात धरा.

पेठेतला
मग यात कोडं कुठे आहे??

गणिती_भूत
अहो ड्रायव्हर असला म्हणून काय झालं, त्या वेळी चालत होता तो. फुटपाथवरून.

खडूस_काका
पुण्यात, भर चौकात, फुटपाथवरून चालत. निकषात बसत नाही, लोंबतंय. दुसरं आणा.